खेमराज सरांचं भरलेलं रजिस्टर

पवनीत खेमराज धकाते म्हणून कुणाला विचारलंत तर समोरचा माणूस जरा विचारात पडायचा. ‘कॉम्प्युटर सर’ म्हटलं की मात्र बोट थेट पुंडलिकरावांच्या शाळेकडे जायचं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, त्याच्या चौथ्या वर्षी पुंडलिकरावांनी आपल्या खाजगी शाळेत पाच कॉम्प्युटर आणले आणि ते सांभाळायला खेमराजला आणलं. सांभाळायला हा शब्द पुंडलिकरावांचाच. खेमराजने तो इतका मनावर घेतला की पुढची चौदा वर्षं त्याने दुसरं काही केलंच नाही.

त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. घर कोष्ट्याचं. बाप तुलाराम हातमागावर बसायचा, आणि मागावर ताणा चढलेला असला की पोरांनी त्या खोलीत फिरकायचं नाही असा शिरस्ता होता. “सूत तुटलं तं जोडता येते का तुले? नाही ना? मंग दूर बस,” असं तुलाराम म्हणायचा. पोरगं दूर बसलं ते बसलंच. विणणं शिकायचं राहून गेलं, पण महागाच्या वस्तूपासून लोकांना लांब कसं ठेवायचं, ही विद्या मात्र त्याने बापाकडून पुरेपूर उचलली. पुढे बी.कॉम. झाला, रोज एसटीने भंडाऱ्याला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, आणि सर झाला.

त्याची लॅब म्हणजे काय प्रकार होता ते सांगितलं पाहिजे. व्हरांड्याच्या टोकाची खोली, दाराला दोन कुलपं. आत पाच मशीन, त्यांच्यावर बायकोने, रुपाने, शिवलेले काठपदराचे अभ्रे. पोरांनी चपला बाहेर काढायच्या. मग नळावर हात धुवायचे. मग हात दाखवायचे. मग पाचपाचच्या रांगेने आत यायचं आणि हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. खेमराज अभ्रा काढायचा, मशीन सुरू करायचा, माऊस स्वतः धरायचा आणि म्हणायचा, “पाहा. दिसलं? चला, पुढचे या.” उरलेला वर्ग बाहेर फरशीवर बसून माऊसचे भाग वहीत उतरवायचा. घंटा झाली की अभ्रे परत चढायचे.

आणि रजिस्टर! लॅबचं एक रजिस्टर असायचं, तपासणीला साहेब आले की दाखवायचं. त्यात तासागणिक वर्ग, विषय, पोरांची संख्या आणि खेमराजची सही. एकही रकाना रिकामा नाही. सत्र संपत आलं की दुपारी पंखा लावून, चार वेगवेगळ्या रंगांची पेनं घेऊन तो सगळं वर्ष एका बैठकीत भरून काढायचा. मध्येच निळं संपल्यासारखं दाखवून काळं घ्यायचा, एखादी सही घाईत केल्यासारखी करायचा. साहेब लोक पान उलटायचे, मान डोलवायचे, चहा घेऊन जायचे. तशी त्याच्याजवळ एक छोटी खरी वहीही होती. आज कोणतं मशीन किती मिनिटं चाललं, ते तो त्यात प्रामाणिकपणे लिहायचा. मागावर दिवसाला किती हात कापड झालं ते बाप भिंतीवर कोळशाने लिहायचा, तशी ही त्याची घरची खोड. ती वही टेबलाच्या खणात असायची आणि तिच्यात मिनिटं फार थोडी होती.

पण मान होता. गावात कुणाच्या मोबाईलमध्ये काही अडकलं तर लोक त्याला विचारायचे. तो तोंड गंभीर करून “सॉफ्टवेअर गेलं” म्हणायचा, आणि लोकांचं समाधान व्हायचं. एवढ्यावर माणूस सुखाने रिटायर झाला असता.

त्या जूनमध्ये मोनिका शाळेत आली आणि खेमराजच्या जेवणातली चव गेली.

मोनिका निनावे त्याचीच विद्यार्थिनी. दोन वेण्या घालून, पाचजणांच्या रांगेत हात मागे बांधून उभी राहणारी. नागपुरात इंजिनीअरिंग केलं, तिथे दीड वर्ष नोकरी केली, आणि वडिलांना लकवा झाला म्हणून परत आली. पुंडलिकरावांनी तिला विज्ञान शिकवायला घेतलं. घेतलं तर घेतलं, खेमराजला त्याचं काही नव्हतं. पण पहिल्याच दिवशी तिने लॅपटॉप काढला आणि बाकावर डब्याशेजारी टाकला. ठेवला नाही, टाकला! त्याच्या झाकणावर वरणाचा वाळलेला डाग होता. आणि ते डागाळलेलं मशीन खेमराजच्या अभ्र्यातल्या पाचही मशीनपेक्षा भराभर चालत होतं. दुपारी तिसरीची पोरं त्या लॅपटॉपभोवती गोळा झाली होती, एकाचं बोट शेंगदाण्याच्या चिक्कीने चिकट होतं, आणि मोनिका त्याला म्हणत होती, “दाब ना, काही होत नाही.” खेमराज दारातून पाहत होता. काही होत नाही? चौदा वर्षं तो ज्याच्या धास्तीत जगला, ते ही काल आलेली पोरगी काही होत नाही म्हणून सांगते?

तेव्हापासून त्याला तिचं सगळंच खुपायला लागलं. नत्थू शिपाई तिला “मॅडम” म्हणायचा ते खुपायचं. नत्थूने तिला रडताना, नाक पुसताना पाहिलेलं होतं, आणि आता मॅडम? ती आपल्याला मात्र अजून तशीच “सर, सर” करत वाकून बोलते, तेही खुपायचं. तिने उर्मटपणा केला असता तर निदान घरी जाऊन रुपाला सांगता आलं असतं. मुख्य म्हणजे तिचं हसणं खुपायचं. शिकवताना एखादी गोष्ट अडली की ती हसून पोरांना म्हणायची, “हे मले नाही येत, उद्या पाहून सांगते.” इतकं सहज! खेमराज ते वर्गाबाहेरून ऐकायचा आणि झटकन तिथून निघून जायचा. का, ते तेव्हा त्याने स्वतःलाही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी गोष्ट पेटली. गावात दुसऱ्या एका नव्या शाळेच्या दोन पिवळ्या व्हॅन फिरायला लागल्या होत्या आणि पुंडलिकरावांच्या शाळेतली एकवीस पोरं तिकडे गेली होती. पाठोपाठ नागपूरचा एक विक्रेता टाय लावून आला आणि प्रत्येक वर्गात मोठा पडदा लावायचं म्हणाला. पुंडलिकराव मूळचे राइस मिलवाले. त्यांनी त्याला चहा पाजला आणि स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, “मी मिलमधी नवी मशीन घेतली तेव्हा अगोदर धान कोणता येते ते पाह्यलं. हा म्हणते अगोदर मशीन घ्या. शाळेत आजपासून पाच वर्षं कोणतं यंत्र कायले पाहिजे, कोण चालवन, बिघडलं तं कोण पाहीन, याचा एक प्लॅन पाहिजे मले. टेक्नॉलॉजी प्लॅन.”

खेमराजने बशी खाली ठेवली. सदऱ्याची कॉलर नीट केली. खुर्चीतून अर्धा उठलासुद्धा.

“मोनिका, तू बनव,” पुंडलिकराव म्हणाले.

अर्धा उठलेला माणूस उभाही राहू शकत नाही आणि बसूही शकत नाही. खेमराजने खिडकी लावल्यासारखं केलं. खिडकी लागलेलीच होती. चौदा वर्षं! शाळेत कॉम्प्युटर हा शब्द उच्चारायचा तर आधी माझ्याकडे पाहायचे लोक. आणि आज पुंडलिकरावांची नजर माझ्यावरून अशी गेली जशी भिंतीवरून जाते. त्या रात्री तो जेवला नाही असं नाही, जेवला, पण भाजीत मीठ नाही म्हणाला. मीठ बरोबर होतं.

“तुमच्या तोंडाले झालं काय?” रुपाने विचारलं.

“तोंडाले नाही, नशिबाले झालं.”

“त्या पोरीले काम देल्लं म्हनून? अजी, तुमचीच तं विद्यार्थी आहे. तुमचाच मान ना?”

हे वाक्य त्याला जूनपासून सातव्यांदा ऐकावं लागत होतं. दर वेळी ते जास्त झोंबत होतं.

मग त्याने स्वतःचा प्लॅन बनवला. कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी बसून दहा पानं टाईप केली, भोवती वेलबुट्टीची चौकट काढली, रंगीत प्रिंट काढून प्लास्टिकच्या फायलीत घातली आणि मिलवर नेऊन पुंडलिकरावांच्या हाती दिली. वीस नवे कॉम्प्युटर. लॅबला एसी. लॅबला काचेचं दार. लॅबला तिसरं कुलूप, आकडे फिरवायचं. पुंडलिकरावांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली, तांदळाची मूठ हातात घेऊन पाहावी तशी फाईल उलटीपालटी करून पाहिली, आणि म्हणाले, “खेमराज, बाकी सारं आहे. पण याच्यात पोरं कुठं आहेत?”

फाईल बगलेत मारून तो परत आला. वाटेत त्याला वाटलं, हा प्रश्न पुंडलिकरावांना सुचलेला नाही. हा तिनेच त्यांच्या डोक्यात घातला. तसं काही नव्हतं, पण जळणाऱ्या माणसाला पुरावा लागत नाही.

मोनिका तर प्लॅन लिहायलाही बसली नव्हती. ती वही घेऊन वर्गावर्गातून फिरत होती. भूगोलाच्या बाईंना विचारत होती, “शिकवताना कुठं अडते?” गणिताच्या सरांना विचारत होती, “तुम्हाले मोबाईलवर काय काय येते, खरं सांगा.” पोरांना विचारत होती, “घरी कोनाकडे स्मार्टफोन आहे?” लाइट किती वाजता जाते, नेटवर्क कोणत्या कोपऱ्यात येतं, हेसुद्धा ती टिपून घेत होती. आणि एके दिवशी ती लॅबच्या दारात आली. चपला बाहेर काढून आली. जुनी सवय.

“सर, मले लॅबचं रजिस्टर पाह्यजे होतं. आजपर्यंत कोन्या वर्गानं किती वापर केला, त्याच्यावरच सारं ठरते. पोरांले आज काय येते ते समजल्याशिवाय उद्याचं काय लिहू?”

खेमराजच्या हाताशी दोन वस्तू होत्या. कपाटावर भरगच्च रजिस्टर, खणात खरी वही. एक क्षणभर, फार नाही, त्याचा हात खणाकडे गेला. मग त्याला तो वरणाचा डाग आठवला, पुंडलिकरावांची नजर आठवली, नत्थूचं “मॅडम” आठवलं. घे म्हणावं. या खोट्यावर तुझा प्लॅन उभा कर. सहा महिन्यांत कोसळेल, आणि मग पुंडलिकराव माझ्याच दारात येतील. शिवाय लॅब दिवसभर चालते, धकाते सर किती राबतात, हेही आपोआप छापून येईल. एका दगडात दोन कामं होत होती. त्याने कपाटावरून रजिस्टर काढलं, अभ्र्याच्या टोकाने धूळ पुसली आणि तिच्या हातात दिलं.

तीन दिवसांनी ती परत आली. रजिस्टरमध्ये एका पानावर बोट होतं.

“सर, एक विचारू का? मागच्या साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सातवीचे तीन तास दाखवले आहेत.”

खेमराजने पान पाहिलं. चार पेनं, बारा महिने, आणि घात केला तो तान्ह्या पोळ्याने. त्या दिवशी पवनीतलं झाडून सारं पोरगं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागत फिरतं. शाळेत चिटपाखरू नसतं. हे तिला ठाऊक, त्याला ठाऊक, दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या नत्थूला ठाऊक. आता म्हणावं, चुकलं बाई, हे रजिस्टर असंच आहे, ही घे दुसरी वही. एवढंच म्हणायचं होतं.

“एक्स्ट्रा क्लास घेतला होता मी,” खेमराज म्हणाला.

“तान्ह्या पोळ्याले?”

“आमच्या वेळी मास्तर लोक सन पाहत नव्हते, मोनिका. काम पाहत होते.”

नत्थूने तोंड फिरवून झाडू मारायला सुरुवात केली. मोनिकाने रजिस्टर मिटलं. “हेच रजिस्टर पक्कं समजू ना सर?” तिने विचारलं. “सही आहे ना माझी?” तो म्हणाला. ती “हाव सर” म्हणून गेली.

सभेच्या चार दिवस आधी तिने तयार प्लॅन आणून त्याच्या टेबलावर ठेवला. “सर, छापाच्या अगोदर तुम्ही एकदा वाचून घ्या. लॅबबद्दल काही चुकलं असन तं सांगा. मी बदलते.” किती आर्जवाने म्हणाली! त्याने तो कागदांचा गठ्ठा न उघडता मशीन नंबर चारच्या अभ्र्याखाली सरकवला. घरी रुपाने दोनदा विचारलं, वाचला का म्हणून.

“मी कायले वाचू? तिचा पेपर तपासाले बसलो का मी? चांगला असन तं मले त्रास होईन, वाईट असन तं लोकं आपोआप पाहतीन.”

चांगला असेल तर मला त्रास होईल, हे नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं रुपाने पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याला मात्र आपण काय बोलून गेलो याचा पत्ता नव्हता.

सभा रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये. संस्थेचे सात सदस्य, सगळे शिक्षक, तीसेक पालक. खेमराज पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात बसला होता. ती कुठे अडखळते ते जवळून पाहायचं होतं त्याला.

ती अडखळली नाही. साध्या कागदावरून, रोज बोलते तसं वाचत गेली. सुरुवात यंत्रांपासून नव्हतीच. पाचवीच्या पोराला पाच वर्षांनी काय आलं पाहिजे, इथून होती. स्वतःचं अर्ज-पत्र टाईप करता आलं पाहिजे, मिळालेली माहिती खरी की खोटी ते ताडता आलं पाहिजे, धानाच्या भावापासून नकाशापर्यंत हवं ते शोधता आलं पाहिजे. मग शिक्षक: पहिलं वर्ष नवं काही विकत न घेता फक्त शिक्षकांच्या शिकण्याचं. मग लाइट जाते त्या वेळेचं वेळापत्रक. मग दुरुस्ती, ती कोण आणि किती दिवसांत करणार. दर सहा महिन्यांनी पोरांची छोटी परीक्षा, आणि त्यात फरक दिसला नाही तर प्लॅन बदलायचा. मागच्या रांगेतला एक पालक, धानाचा शेतकरी, मोठ्याने म्हणाला, “हे समजलं बापा. त्या टायवाल्याचं काही समजत नव्हतं.” लोक हसले. खेमराजही हसला, कारण पहिल्या रांगेत हसावं लागतं. आत मात्र नुसती आग होती. इतकं सोपं होतं हे? मग मला का नाही सुचलं? चौदा वर्षं माझ्याजवळ होती, हिच्याजवळ चार महिने.

“आता लॅब,” मोनिका म्हणाली, आणि पहिल्यांदा तिने कागदावरून वर पाहिलं. त्याच्याकडे. “रजिस्टरप्रमाणे मागच्या चौदा वर्षांत पाचवी ते दहावीच्या प्रत्येक पोराले आठवड्याले तीन तास मशीन मिळाली आहे. सणावारालेही मिळाली. म्हणजे सुरुवातीचं सारं शिकून झालं आहे. म्हणून वेगळी लॅब आणि सुरुवातीच्या कॉम्प्युटरचा वेगळा तास, दोन्हीची आता गरज राहत नाही. मशीन वर्गांमध्ये द्यावी.”

खेमराजला आधी यात आपलं कौतुक ऐकू आलं. मग पुंडलिकरावांनी शेजारच्या सदस्याला जे विचारलं ते ऐकू आलं.

“मंग कॉम्प्युटर मास्तरची जागा?”

“तास नाही तं मास्तर कायले?” सदस्य म्हणाला. “या मार्चपासून बंद करू.”

पुंडलिकरावांनी मान हलवून ते कागदावर लिहून घ्यायला पेन उघडलं. खाजगी शाळा, खाजगी जागा, एका रेघेचं काम. खेमराज गप्प राहिला तर नोकरी जात होती, ती लॅब, ती दोन कुलपं, कॉम्प्युटर सर हे नाव, सारंच. बोलला तर चौदा वर्षांच्या सह्या खोट्या ठरत होत्या, त्याही या हॉलमध्ये, तिच्यासमोर. आणि खरं सांगायचं तर, नोकरी जाण्यापेक्षा तिच्यासमोर हे त्याला जास्त जड जात होतं. पुंडलिकरावांचं पेन कागदाला टेकलं.

“ते रजिस्टर खोटं आहे,” खेमराज म्हणाला.

तो उभा होता. कधी उठला ते त्याला कळलं नव्हतं.

“म्हनजे?” पुंडलिकराव.

“सत्राच्या शेवटी बसून भरतो मी. तपासणीसाठी. पोरांनी मशीनले हात लावला नाही. एकानंही नाही, चौदा सालात.”

“मंग तुझ्या तासाले पोरं काय करत होते?”

“बाहेर बसत होते.”

हॉलमध्ये कुजबुज उठली. मागे कुणीतरी म्हणालं, “माह्या पोरीचे तं मार्क लागले आहेत कॉम्प्युटरचे.” पुंडलिकराव मिलवर हमालांवर ओरडतात तसे ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फार हळू विचारलं, “काहून, खेमराज? मी कायले आणल्या होत्या त्या मशीन?”

“धूळ असते ना काका,” खेमराज म्हणाला. “लाइटचा झटका बसते. उंदरं...” तो थांबला. चौदा वर्षं हीच उत्तरं देत आला होता, तोंडपाठ होती. आज ती त्याने सोडून दिली. “पोरं हात लावतीन, मंग विचारतीन. अन् मले सांगता येनार नाही. म्हणून. मले येत नव्हतं काका. तीन महिन्यांचा कोर्स, त्याच्यानंतर सारं बदलून गेलं. मले नाही येत म्हणाची लाज वाटत होती.”

पुंडलिकराव मोनिकाकडे वळले. “अन् तुले माहीत नव्हतं? तू तं इथंच शिकली.”

“माहीत होतं काका. मी पण बाहेरच बसत होती.” ती म्हणाली. “पण खाली सरांची सही होती. मी दोनदा विचारलं. पूर्ण प्लॅनही अगोदर सरांनाच दिला, की सर वाचतीन आणि स्वतः सांगतीन. सरांची सही खोटी आहे असं मी कसं लिहू?”

“तिनं देल्ला होता तुले?”

“देल्ला होता.”

“मंग चार दिवस काय करून राहिला होता तू?”

इथे खेमराजला सांगता आलं असतं की वेळ मिळाला नाही, तब्येत बरी नव्हती. पण एकदा खरं बोलायला लागलेल्या माणसाला मध्येच थांबता येत नाही.

“वाचला नाही,” तो म्हणाला. “जळत होतो तिच्यावर. तुम्ही तिले काम देल्लं त्या दिवसापासून. मी हात मागे बांधून उभी केलेली पोरगी, अन् तिले सारं येते. जे येत नाही ते येत नाही म्हणून हसून सांगताही येते. मले हे सहनच होत नव्हतं. म्हणून जानूनबुजून खोटं रजिस्टर देल्लं.”

एवढं बोलून तो बसला. पुंडलिकरावांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग त्यांनी जे केलं ते मिलवाल्याला शोभेल असंच होतं. यंत्राचा निकाल ते नेहमी चालवणाऱ्यावर सोडत.

“प्लॅन तुझा आहे, मोनिका. याचं काय कराचं तूच सांग. ठेवाचा की नाही?”

खेमराजने मान वर केली नाही. ज्या पोरीवर तो चार महिने मनातल्या मनात दात खात होता, तिच्या एका शब्दावर त्याचं घर टांगलं होतं. आणि त्या तेवढ्या वेळात त्याला एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसली: तिच्या जागी तो असता, आणि त्याच्या जागी ती, तर तो काय म्हणाला असता. त्याला क्षणभरही विचार करावा लागला नसता.

“सर पाहिजेत,” मोनिका म्हणाली. “पण सध्या शिकवाले नाही. जानेवारीत शिक्षकांची पहिली बॅच सुरू होईन, त्याच्यात सर बसतीन. लॅब सकाळी सातपासून उघडी राहीन. सहा महिन्यांनी पोरांची परीक्षा घेऊ, तेव्हा सरांच्या तासाचं ठरवू.” मग ती त्याच्याकडे वळली. “चालन ना सर?”

त्याला गहिवरून यायला हवं होतं. सभेतल्या दोन बायकांनी तर डोळ्यांना पदर लावला. खेमराजला मात्र त्या घटकेला जे वाटलं ते पहिल्या दिवसापासून वाटत होतं तेच होतं, फक्त दसपट. यंत्र चालवणं तर तिला येतंच होतं. हेही तिला येत होतं.

“चालन,” तो म्हणाला.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी त्याला बसायला मशीन नंबर चार मिळालं. शेजारी भूगोलाच्या बाई होत्या. मोनिकाने सगळ्यांना सांगितलं, हवं ते दाबून पाहा. बाईंनी लगेच चार ठिकाणी दाबलं, काहीतरी बिघडलं, आणि त्या मोठ्याने हसल्या. खेमराज हात मांडीवर ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसला. आता त्याला बाईंचा हेवा वाटत होता.